कवळीचा सौदा

माझे दात हरवल्याचं कळलं ते कौसल्याची राख सावडून आलो त्या दिवशी.

कौसल्या माझी बायको. जानेवारीत एका सकाळी शेळ्यांना पाला टाकता टाकता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यानंतर घरात काय झालं, कोण आलं, कोण गेलं, मला नीट आठवत नाही. तोंडात दात आहेत की नाहीत याचीही शुद्ध नव्हती. राख सावडून घरी आलो तेव्हा शेजारच्या गोपिकाबाईंनी माझ्यापुढे ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी ठेवली. मी तुकडा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि परत ताटाच्या कडेला ठेवून दिला.

"बघा वं बायांनो," गोपिकाबाई म्हणाल्या, "घास उतरून न्हाई राह्यला. असा जोडा म्या पाह्यला न्हाई."

बायका रडायला लागल्या. मीही रडलो. रडलो ते कौसल्यासाठीच. पण मला भूक लागली होती आणि भाकरी चावता येत नव्हती, हेही खरं होतं. अशा वेळी माणसानं दातांचं कसं बोलायचं?  गावभर झालं की कडूबानं अन्न सोडलं.

संध्याकाळी सून प्रीती जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तुमची कवळी कुठंय?"

मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं. माझी वरची आणि खालची कवळी कौसल्या रोज झोपताना स्टीलच्या वाटीत पाण्यात ठेवायची आणि सकाळी चहाच्या आधी धुऊन हातात द्यायची. त्या सकाळी चहाच्या आधीच ती गेली. आमच्याकडे घरात माणूस गेलं की भरलेलं सगळं पाणी ओतून देतात. माठ, हंडे, बादल्या, तांबे, सगळं रिकामं करून घासतात. धर्मांतरानंतर आमच्या वडिलांनी घरातल्या कितीतरी रीती सोडल्या, पण ही एक बायकांच्या हातातून सुटली नाही. जमलेल्या बायकांनी सगळं पाणी ओतलं, तसं वाटीतलंही ओतलं. वाटी फडताळात पालथी घातलेली होती, घासून लखलखीत केलेली.

माझ्या मुलानं, राजानंदनं, मोरी उपसली. घरामागचा नाला काठीनं ढवळला. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्याला खरं सांगावं लागलं, मग तेही ढवळायला आले. दात काही सापडले नाहीत. गोपिकाबाईंचा नवरा बिरू अजूनही शपथेवर सांगतो की त्या आठवड्यात गल्लीतल्या धर्मराजचा कुत्रा हसत हिंडत होता.

बिरू माझा दोस्त. मी जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला कामाला होतो, तो जनावरांच्या बाजारात हेडी, म्हणजे बैलांचा दलाल. त्याच्या वाडवडलांची मेंढरं होती, हा मात्र बैलांत शिरला. आयुष्यभर त्यानं बैलांचे जबडे उघडून बघितले. दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "कडूबा, तुला आता बाजारात कोणीबी घेणार न्हाई. कसायाकडंच धाडावं लागंल."

कौसल्या गेल्यावर त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसलो. हसताना हात तोंडावर ठेवावा लागला.

काही महिने मी तसेच काढले. वरणात कुस्करलेली भाकरी, दूध-भात, खिचडी. प्रीती बिचारी काही म्हणायची नाही. खरी अडचण खाण्याची नव्हतीच. आमच्या गावच्या विहारात वंदना मी म्हणतो. लग्न असो, नामकरण असो, कोणाचा स्मृतिदिन असो, त्रिसरण-पंचशील मी सांगायचं आणि लोकांनी मागून म्हणायचं, असं कितीतरी वर्षांचं चालत आलं आहे. कौसल्या पुढे बसायची. मी घाई केली की ती खोकायची.

बुद्ध पौर्णिमेला मी दातांशिवाय उभा राहिलो. माझ्या प्रत्येक 'स'ला तोंडातून फुंकर निघत होती. दुसऱ्या ओळीला समोरची मेणबत्ती विझली. कोणीतरी पेटवली. चौथ्या ओळीला परत विझली. मागच्या पोरी ओढण्या तोंडात कोंबून बसल्या आणि लोक माझ्यामागून म्हणायचे ते थांबले, कारण मी काय म्हणतोय तेच कळत नव्हतं.

कार्यक्रम झाल्यावर विहार समितीचा नागसेन आला. शाळेत मास्तर आहे, मुलगा चांगला आहे.

"काका, एक सांगू का? कौसल्याकाकूच्या स्मृतिदिनाला आपण वंदना मोबाइलवर लावू. स्पीकर हाय आपल्याकडं. एकदम क्लिअर येतं."

"तिची वंदना मी म्हणणार," मी म्हणालो. "अन् तिच्यावर दोन शब्दबी मीच बोलणार."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो म्हणाला, "मंग मेणबत्तीला कंदिलाची काच लावावी लागंल, काका."

त्या दिवशी मी ठरवलं की जानेवारीच्या आत दात बसवायचे.

पण दातांचा भाव काय, हे कोणालाच माहीत नसतं. लोखंडाचा भाव मला माहीत आहे, तो रोज बदलतो, पण त्या दिवशी तरी सगळीकडे एकच असतो. दातांचं तसं नाही. राजानंदनं सुट्टीच्या दिवशी मला गाडीवर बसवून जालन्याला नेलं. पहिल्या दवाखान्यात म्हणाले, आठ हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत, कशी पाहिजे त्यावर. मी म्हणालो, चावता येईल अशी पाहिजे. ते म्हणाले, चावता सगळ्यांनीच येतं. मग फरक कशाचा, तर क्वालिटीचा. यापुढे आमचं डोकं चाललं नाही.

दुसरा दवाखाना काचेचा होता, आत थंडगार. तिथं माझा जबडा टीव्हीवर दाखवला. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात, म्हणाले, ते मरेपर्यंत हलत नाहीत. आकडा सांगितल्यावर राजानंद बाहेर येऊन गाडीची किल्ली शोधत राहिला, किल्ली त्याच्या हातातच होती.

"बाबा, एवढ्यात जुना ट्रॅक्टर येतो," तो म्हणाला.

तिसरा माणूस बाजारात टेबल टाकून बसलेला होता. त्याच्याकडे तयार कवळ्या होत्या, घालून बघा म्हणाला. मी एक घातली. माझ्याआधी कोणीतरी तंबाखू खाऊन ती घालून बघितली होती. मी ती परत ठेवली आणि उसाचा रस पिऊन चूळ भरली.

संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयात कमी पैशात होतं, असं नागसेननं सांगितलं. पण तिथं पाच-सहा खेपा लागतात. राजानंद आता माझ्याच मिलमध्ये कामाला आहे, त्याला तेवढ्या सुट्ट्या मिळत नव्हत्या आणि एकट्यानं जायला मी तयार असलो तरी तो मला सोडायला तयार नव्हता. आई अशी अचानक गेल्यापासून तो मला शेजारच्या गल्लीतही सावकाश जा म्हणतो.

माझ्याजवळ सात हजार होते. कौसल्याचा एक बोकड बिरूनं बाजारात विकून दिला होता, त्याचे. तेवढ्यात कोण दात करणार, असं मी बिरूपाशी बोललो, तर तो रागावला.

"दाताचा सौदा अन् मला इचारलं न्हाई? आरं, जल्माचं काय केलं म्या? दातच पाह्यले ना? तुम्ही बापलेक तोंड वासून आत जाता अन् तो म्हणल तो भाव आयकून घेता. भाव असा करतेत व्हय? उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही घनसावंगीपर्यंत जीपनं आणि तिथून बसनं जालन्याला गेलो. बिरूनं धुतलेलं धोतर, फेटा आणि खांद्यावर पांढरं उपरणं घेतलं होतं, बाजाराला निघाल्यासारखं. नागसेनच्या ओळखीच्या कोणीतरी एका नव्या डॉक्टरीणबाईचं नाव सांगितलं होतं. दवाखाना एका खोलीचा, बाहेर बाकडं. बाकावर आमच्याआधी तीन-चार माणसं होती. बिरूला गप्प बसवेना. एका माणसानं जांभई दिली तर बिरू त्याच्या तोंडात वाकून बघत मला म्हणाला, "पन्नाशी वलांडली." पलीकडे एक बाई हसल्या, तर म्हणाला, "ह्या जुळलेल्या हायेत, पर खालचा एक हलून राह्यला."

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"चांगलंच म्हणलं, ताई. बाजारात नंबर एक भाव येईल."

बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. मी उपरण्याचं टोक धरून बिरूला खाली बसवलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव सत्यशीला. पस्तिशीच्या असतील. त्यांनी माझ्या हिरड्या बोटानं चाचपून बघितल्या. "बाबा, वरची हिरडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "खालची झिजून सपाट झालीय. खालची कवळी बसवायला वेळ लागेल. किती दिवस दात नाहीत?"

"बायको गेल्यापासून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पुढे काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

"बोला मंग," बिरू पुढे झाला. त्यानं उपरणं झटकलं आणि स्वतःच्या उजव्या हातावर टाकलं. "हात आणा, ताई."

बाजार न बघितलेल्यांसाठी सांगतो. जनावराचा भाव आमच्याकडे तोंडानं करत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. एकानं दुसऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितके हजार; पाचाच्या वर गेलं तर आधी अख्खा पंजा धरायचा, मग वरची बोटं. पटलं नाही तर दुसरा बोट सोडवून घेतो आणि आपली धरतो. भोवती माणसं उभी असतात, पण कोणाला आकडा कळत नाही. दोघांनी एकदम हात दाबला की सौदा झाला. त्यानंतर इसाराची, म्हणजे आगाऊ पैशाची, नोट हातावर ठेवायची. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही.

पण हे बैलांच्या बाजारात. इथं पलंगासारखी खुर्ची होती, वर दिवा होता, आणि दवाखान्यात कामाला असलेली मुलगी तोंडाला हात लावून बघत होती. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"बिरू, आरं त्या डॉक्टर हायेत," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी उपरण्याकडे बघितलं. मग हातातला रबरी मोजा काढला. "उपरणं धुतलेलं आहे ना, काका?"

"आजच धुतलं."

त्यांनी हात आत घातला.

मला फक्त कापड हलताना दिसत होतं, आत दोन सरडे भांडत असल्यासारखं. बिरू सौदा करताना डोळे मिटतो. मिटलेले डोळे एकदम उघडले. "आगं, ही तर पलटून धरती!" तो म्हणाला. परत मिटले. कपाळावर घाम आला. एकदा त्यानं मान हलवली, एकदा बाईंनी. शेवटी दोघांनीही हात दाबला आणि बिरू मोठ्यानं म्हणाला, "झालं! कडूबा, इसार दे."

मी पाचशेची नोट दिली. बिरू उपरणं खांद्यावर टाकत विचारता झाला, "कुठं शिकली गं पोरी?"

"माझे आजोबा रामप्रसाद. बाजारात माल घ्यायचे. लहानपणी मला गाडीत बसवून न्यायचे. शाळेच्या आधी मी हेच शिकले."

"मंग घरचीच निघाली की! कोन्त्या बाजारात?" असं त्यांचं बराच वेळ चाललं. मी तोंड उघडं ठेवून खुर्चीत बसलो होतो.

बाई म्हणाल्या, "आधी वरची करू ना?" बिरू म्हणाला, "बराबर. आधी वरची, मंग खालची." त्यांनी माझ्या तोंडात गार लगदा भरून वरच्या हिरडीचं माप घेतलं. बाहेर आल्यावर बिरूनं माझ्या कानात आकडा सांगितला. सहा हजार. मी चाट पडलो. बसमध्ये तो सगळ्यांना सांगत होता की शिकलेल्या लोकांकडून भाव करून घ्यायला अक्कल लागते.

मधे एकदा सुट्टीच्या दिवशी राजानंदबरोबर जाऊन मी मेणात चावा देऊन आलो. त्याच्या पुढच्या खेपेला बिरू आणि मी परत गेलो. मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे होते, पक्के करायच्या आधी. बाईंनी डबी उघडली. आत एकच कवळी होती.

"खालची कुठंय?" बिरूनं विचारलं.

"खालचीचं पुढं बघू ना, काका. तिचे पैसे वेगळे."

बिरू हळूच खुर्चीच्या हातावर टेकला. "वेगळे कसे? सहा ठरले न्हाईत का?"

"सहा एका कवळीचे."

"आगं पोरी, बाजारात एक बैल कोन इकतं? भाव जोडीचाच असतो! वरचा एक अन् खालचा एक, झाली जोडी!"

"आजोबा मेंढरं घ्यायचे," बाई म्हणाल्या. "मेंढराचा भाव नगावर असतो, काका. जोडीवर नाही."

 बिरूच्या बापानं जन्मभर मेंढरं विकली होती, नगावर. ते त्याला आठवलं असणार. तरी तो बाहेर गेला आणि बाकावरच्या माणसांना पंच नेमलं. आतून मला सगळं ऐकू येत होतं. एक जण म्हणाला, कवळी म्हणजे दोन्ही मिळून. दुसरा म्हणाला, चप्पल जोडीनं घेतात, टोपी एकच घेतात, ह्यात कवळी कशात धरायची? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सहाला एक मिळती का? मंग मला बी सांगा, मी आठ दिलेत."

बाईंनी दार लोटून घेतलं. "बाबा, तुम्हाला सांगते पैसे कुठं जातात," त्या म्हणाल्या. "मी माप घेते. दात लॅबवाला बनवतो, त्याला मी रोख देते. मेण, प्लास्टर, दातांचा सेट, हे माझं. स्वस्तातले दात दोन वर्षांत झिजतात, चांगले टिकतात, म्हणून कोणी आठ सांगतं आणि कोणी पंचवीस. वरचीत माझ्या हातात फार उरत नाही. सहात दोन्ही केल्या तर मला खिशातून घालावे लागतील."

इतक्या दवाखान्यांत फिरून मला पहिल्यांदा कळलं की मी पैसे कशाचे देतोय. कोणी आधी सांगितलंच नव्हतं. बिरू आत आला. "दोन पाऊल मागं घे, पोरी," तो म्हणाला. "खालची चारमधी कर."

"हाताखाली ठरलं तेच, काका. आजोबा काय म्हणाले असते?"

बिरूनं खांद्यावरचं उपरणं नीट केलं. सौदा मोडला असं त्याला कोणी म्हटलेलं चालत नाही.

"खालची हप्त्यानं करू," बाई म्हणाल्या. "तुम्हाला जमेल तसं द्या. पण जानेवारीपर्यंत दोन्ही होणार नाहीत, खालचीला वेळ लागतो."

मी विचारलं, "नुसत्या वरच्या कवळीवर वंदना म्हणता येईल का?"

"घालून बघू." त्यांनी मेणाची कवळी वर बसवली. ती टाळूला चिकटून बसली. "आता साठपासून सत्तरपर्यंत मोजा. 'स' कसा येतो ते कळतं."

मला मोजायचं सुचलं नाही. मी खुर्चीत सरळ झालो, हात जोडले आणि त्रिसरण म्हटलं, मग पंचशील. 'स' बरोबर जागेवर पडत होता. बाहेरचा पंचांचा गलका थांबला. बाकावरचं कोणीतरी मागून म्हणायला लागलं, आणि दवाखान्यातली ती मुलगी दारात हात जोडून उभी राहिली. मी कुठेतरी घाई केली आणि सवयीनं थांबलो. कोणी खोकलं नाही. मग सावकाश पुढे म्हटलं.

संपल्यावर बाई म्हणाल्या, "पुढचे दोन दात जरा आत घेते." त्या पाठमोऱ्या होऊन बराच वेळ काहीतरी पुसत होत्या.

 परतीच्या बसमध्ये अंबड आलं तेव्हा बिरू म्हणाला, "गावात सांगू नको. म्हण सहात जोडी ठरलीया, खालची बनून राह्यली."

"बरं," मी म्हणालो.

"अन् मी तुला पुढच्या बाजारात दुसरा बोकड इकून देतो."

"तो न्हाई इकायचा. तो तिच्या हातचा शेवटचा हाय."

"मंग न्हाई," बिरू म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी काढली, आपल्या दातांनी फोडून बारीक केली आणि मला दिली. मी ती चोखत राहिलो.

स्मृतिदिनाला विहार भरला होता. राजानंदनं मंडप टाकला, प्रीतीनं आणि गोपिकाबाईंनी सगळ्यांसाठी स्वयंपाक केला. माझ्या तोंडात वरचे दात होते. मी वंदना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागच्या ओळीपर्यंत शब्द गेले आणि लोकांनी बरोबर मागून म्हटलं. बिरूला पाली येत नाही, पण तो सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता.

मग नागसेननं माझं नाव पुकारलं, दोन शब्द बोलण्यासाठी. मी उभा राहिलो. समोर तिचा फोटो होता, हार घातलेला. काय बोलायचं ते मी महिनाभर ठरवलं होतं. तोंड उघडलं. दात जागेवर होते, हलत नव्हते, काहीही अडचण नव्हती. मी तसाच उभा राहिलो. लोक थांबले. शेवटी नागसेननं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की आता जेवणं सुरू करू.

खालच्या कवळीचा पहिला हप्ता अजून दिलेला नाही. कौसल्याबद्दल बोलायचे दोन शब्दही राहिले आहेत.